मदत हवी आहे: केमोच्या रुग्णांची लक्षण-नोंद, नर्सला सूचना कधी जावी?

केमो चालू असलेल्यांकडून आठवड्यातून एकदा मोबाइलवर १२ लक्षणांची प्रश्नावली भरून घेतो. प्रश्न मागच्या ७ दिवसांबद्दलचे, उत्तरं ० (त्रास नाही) ते ४ (सर्वांत जास्त त्रास). ३ किंवा जास्त आलं की नर्सला सूचना. (ताप यात नाही, त्यासाठी थेट फोन.)

अडचण अशी की थकवा आणि हातापायांच्या मुंग्या दर आठवड्याला ३ वरच असतात. त्या गर्दीत १ वरून ३ वर गेलेले जुलाब मागे पडतात, आणि खरा धोका तिथेच. अंगातलं पाणी झपाट्यानं कमी होतं.

'मागच्या वेळेपेक्षा २ ने वाढ' हा नियम कुणी लक्षणागणिक वेगळा लावलाय का? तुलनेची पहिली नोंद केमोआधीची धरता की पहिल्या सायकलनंतरची (म्हणजे केमोच्या पहिल्या फेरीनंतरची)? आणि न भरणाऱ्यांना कितव्या दिवशी फोन करता? जास्त आजारी असलेलेच फॉर्म सोडून देतात, त्यांची फार काळजी वाटते.