मदत हवी आहे : विज्ञानकथा अर्ध्यात अडकली

नमस्कार मंडळी. मी लोणारजवळच्या खेड्यात शेती करतो आणि विज्ञानकथा लिहितो. 2020 च्या जूनमध्ये उल्का आदळून बनलेल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा मी काठावर उभा होतो. पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला, हे पुढे तपासणीत कळलं. माझी कथा तिथूनच सुरू झाली : हे जीव उल्केसोबतच आले असतील तर?

बावीस पानं झरझर झाली. दिवाळीपासून मात्र एक ओळ सरकत नाही. रात्रीच्या लाईनवर हरभऱ्याला पाणी देताना, स्प्रिंकलरचे पाइप बदलताना सगळं लख्ख दिसतं. चिखलाच्या हातानंच मोबाईलवर दोन शब्द टिपतो. सकाळी तेच शब्द कोरडे वाटतात. गावात वाचून दाखवावं असं कोणी नाही, हे फार जाणवतं.

ज्यांनी लांब कथा तडीस नेल्या त्यांनी सांगा, अशा वेळी विज्ञानाचं वाचन वाढवता की पात्रांकडे वळता? माझा नायक नुसता बघतोय, त्याचं काहीच पणाला लागलेलं नाही. अडचण तिथेच असावी असं मला वाटतं. बुलढाणा-वाशीमकडचं कोणी लिहिणारं असेल तर पानं पाठवतो. स्पष्ट बोललात तरी चालेल.