ओरखडा माझ्या वेळी सापडला, म्हणून तो माझा कसा?

घोडबंदरकर
परवा इथे खारघरच्या एका गाडीमालकाने लिहिलं होतं, "सेल्फ ड्राइव्हची गाडी पळवताना मजा वाटते, मग ओरखड्याचे पैसे देताना पोटात का दुखतं? गाडी ताब्यात असताना जे उमटलं ते घेणाऱ्याचं. फोटो नीट काढले नाहीत, ही त्याची चूक." खाली भराभर अंगठे पडले. मला मात्र ते वाचून झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

गणपतीला गुहागरजवळ गावी जायचं होतं. रेल्वेचं तिकीट मिळालं नाही, म्हणून पाच दिवसांसाठी स्वतः चालवायला गाडी भाड्याने घेतली. गाडी ताब्यात मिळाली रात्री पावणेअकराला, माजिवड्याच्या एका इमारतीच्या तळघरात. बाहेर पाऊस, गाडी नुकतीच आत आणलेली, ओलीचिंब. देणारा मुलगा मोबाइलचा टॉर्च धरून उभा आणि "सर, पटकन व्हिडिओ घ्या, मला अजून दोन गाड्या द्यायच्यात" म्हणून मागे लागलेला. ओल्या रंगावर ओरखडा दिसत नाही, हे ज्याने कधी गाडी धुतलीय त्याला ठाऊक आहे.

परत दिली ती भर दुपारी बारा वाजता, उन्हात. त्यांनी आधी गाडी धुतली, कोरडी पुसली आणि मग दोन गोष्टी दाखवल्या. मागच्या डाव्या दारावर वीतभर रेघ, आणि मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर खरचटलेलं. डिपॉझिटचे पाच हजार ठेवून घेतले, वर साडेनऊ हजार मागितले. बिल मागितलं तर म्हणे आमचं दरपत्रक ठरलेलं आहे.

देताना रात्र आणि ओली गाडी, घेताना दुपार आणि कोरडी गाडी. ही तपासणी झाली का? माझ्या हातून झालेलं नुकसान मी भरेन. पण ते माझ्या हातून झालंय, एवढं तरी आधी दाखवा.

खारघरचा गाडीमालक
ती पोस्ट माझी. तुम्हाला गाडी मी दिलेली नाही, पण उत्तर देतो, कारण तुमच्यासारखं दर शनिवारी ऐकतो.

माझ्या तीन गाड्या आहेत, तिन्हींवर कर्ज. आजवर एकाही गिऱ्हाइकाने "हो, माझ्याकडून लागली" असं म्हटलेलं नाही. सगळ्यांचं एकच, आधीपासूनच होतं. एकाने अलिबागहून सुरमई आणली, डिकीत पाणी सांडलं, तो वास महिनाभर गेला नाही. तोही म्हणाला, वास आधीचाच होता!

आणि विमा भरेल, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: प्रत्येक क्लेमला सक्तीची वजावट आहे, म्हणजे तेवढे पैसे मालकानेच भरायचे, लहान इंजिनाच्या खासगी गाडीला हजार आणि दीड हजार सीसीच्या वर दोन हजार. प्लॅस्टिकच्या भागांवर पन्नास टक्के घसारा. शिवाय क्लेम केला की नो क्लेम बोनस गेला, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, जी पाच वर्षांत वीसवरून पन्नास टक्क्यांपर्यंत चढतो. एका रेघेसाठी कोण घालवेल? म्हणजे तो खर्च माझ्या खिशातून. तुम्ही करारावर सही केलीत, व्हिडिओ काढलात. रात्र होती तर सकाळी घ्यायची गाडी.

पाचपाखाडीची सून
सकाळी घ्यायची म्हणे! गणपतीच्या आदल्या रात्री निघालं नाही तर वडखळलाच दुपार होते. तीन हात नाक्यावरून बाहेर पडायलाच तास लागतो. गिऱ्हाइकाची गरज आहे म्हणूनच त्याला रात्रीची वेळ देतात.

तुर्भ्याचा पेंटर
अठरा वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय, मधलं बोलतो.

रेघेवरून नख फिरवा. अडकलं नाही तर फक्त वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर ओरखडलाय, कंपाउंड मारून, पॉलिश करून निघतो, तासाभराचं काम. नख अडकलं तर रंग फाटलाय, मग पुट्टी, प्रायमर, रंग, क्लिअर कोट, पूर्ण पॅनल घ्यावं लागतं. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर. दरपत्रकात मात्र दोन्ही एकाच ओळीत, "दार ओरखडा" म्हणून.

दुसरं, गाडीमालकांना राग येईल पण लिहितो. भाड्याच्या गाड्या माझ्याकडे वर्षातून एकदा रंगायला येतात. दारावर सात-आठ रेघा असतात, एकदम काम करून जातात. त्या सात-आठ जणांकडून पॅनलचे पैसे किती वेळा घेतले, ते मालकालाच माहीत.

खारघरचा गाडीमालक
पेंटरभाऊ, तुम्ही आमच्यावरच पोट भरता आणि आम्हालाच चोर म्हणता? प्रत्येक रेघेला गाडी तुमच्याकडे आणली तर ती चार दिवस उभी राहते. त्या चार दिवसांचं भाडं कोण देणार? हप्ता तर पाच तारखेला जातोच. म्हणून साठवून करतो. पैसे घेतो ते गाडीची किंमत उतरते त्याचे.

तुर्भ्याचा पेंटर
चोर म्हटलं नाही. पण किंमत एकदाच उतरते, सात वेळा नाही.

नेरूळची सेक्रेटरी
बाकी चर्चा नंतर. आधी मला एक उत्तर हवंय, गाडीमालक साहेब. तुमच्या तीन गाड्यांची नंबरप्लेट कोणत्या रंगाची?

सेल्फ ड्राइव्हला भाड्याने द्यायच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं लागतात. आमच्या सोसायटीत एका सभासदाच्या चार गाड्या आहेत, चारही पांढऱ्या, म्हणजे खासगी पाटीच्या, चारही रोज भाड्याने जातात. चाव्या वॉचमनच्या टेबलाच्या खणात. रात्री दीड वाजता अनोळखी पोरं येतात, गाडी सुरू करून म्युझिक लावून बघतात. मागच्या महिन्यात त्यातल्याच एकाने रिव्हर्स घेताना माझ्या गाडीचा आरसा मोडला. पावती नाही, नाव नाही, वॉचमन म्हणतो मला काही माहीत नाही. तुम्हाला तुमचे ओरखडे दिसतात. आमचे कोण भरणार?

ऐरोलीकर
ताई, विषय भाड्याच्या गाडीच्या ओरखड्याचा आहे. आणि माझी गाडी मी कुणाला द्यायची हे सोसायटी का ठरवणार? गाडी आठवड्यातले पाच दिवस नुसती उभी असते, मी लोकलने जातो. चार पैसे सुटले तर कुणाचं काय बिघडलं?

नेरूळची सेक्रेटरी
बिघडलं ते सांगते. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं की भाड्याने दिल्यास संरक्षण नाही. पॉलिसी काढून वाचा. उद्या तुमच्या गाडीने पाम बीच रोडवर कुणाला उडवलं तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. परवान्याशिवाय भाड्याने वापरलेल्या गाडीची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५३ खाली निलंबित होऊ शकते. चार पैशांसाठी गाडी आणि घर दोन्ही पणाला लावताय.

कोपरखैरणेचा मेहुणा
हे आमच्या घरात घडलंय. मेव्हण्याने पांढऱ्या पाटीची गाडी ओळखीतल्या ओळखीत दिवसाच्या भाड्याने दिली. घेणाऱ्याने ती ठाणे-बेलापूर रोडवर दुभाजकाला ठोकली. विमा कंपनीच्या तपासनिसाने दोघांचे फोन मागितले, त्यात पैसे पाठवल्याची नोंद आणि खाली "२ दिवस भाडे" असं लिहिलेलं. क्लेम फेटाळला. गाडी सात महिने गॅरेजबाहेर उभी राहिली, बोनेटवर मांजरी व्याली, शेवटी भंगारात गेली. कर्ज अजून चालू आहे.

ऐरोलीकर
म्हणजे ओळखीच्या माणसाकडून पेट्रोलचे पैसे घ्यायचेही नाहीत का? जगणं महाग झालंय, जरा समजून घ्या.

नेरूळची सेक्रेटरी
पेट्रोलचे पैसे वेगळे, रोज रात्री दोन वाजता चाव्या वाटणं वेगळं. तुम्ही मुद्दाम गल्लत करताय.

खारघरचा गाडीमालक
आता मी बोलतो. १९८९ च्या रेंट अ कॅब योजनेनुसार परवाना हवा तर किमान पन्नास गाड्या लागतात. पन्नास! माझ्यासारख्या तीन गाड्यांच्या माणसाने काय करायचं? परवानावाल्याला गाडी जोडा, तो कमिशन कापणार, वर गिऱ्हाइकाचं नुकसान माझ्या डोक्यावर. नियम मोठ्यांसाठी केले आणि छोट्याला बेकायदा म्हणायचं. हे कुणी लिहीत नाही.

माझ्या दोन गाड्या काळ्या पाटीच्या आहेत, जोडलेल्या. तिसरी पांढरी आहे. घ्या, लिहून दिलं. झालं समाधान?

नेरूळची सेक्रेटरी
नाही झालं. तिसरी बंद करा.

ठाणे कोर्टातला
पाटीवर रात्र जाईल, मूळ प्रश्नावर येतो. भाड्याने घेतलेली वस्तू म्हणजे निक्षेप, दुसऱ्याची वस्तू परत देण्याच्या बोलीवर ताब्यात घेणं, भारतीय करार कायदा १८७२. कलम १५१ प्रमाणे घेणाऱ्याने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी सर्वसाधारण काळजी घ्यायची. ती घेतली असेल तर कलम १५२ प्रमाणे नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर नाही. पण घोडबंदरकर, लगेच खूश होऊ नका. १५२ मध्येच "विशेष करार नसेल तर" अशी अट आहे, आणि तुम्ही सही केलेला कागद तोच विशेष करार आहे, असं समोरचा वकील म्हणेल.

मात्र मालकांनीही छाती फुगवू नये. कलम ७४ प्रमाणे करारात रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नुकसानीच्या मानाने अवाच्या सव्वा दंड लावणारी अट अनुचित करारात मोडते. करारच अनुचित आहे अशी तक्रार राज्य ग्राहक आयोगापुढे जाते, सेवेतल्या त्रुटीची जिल्हा आयोगात. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यात शुल्क नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, आणि दुरुस्तीचं बिल लेखी मागा. आमच्याकडे आलेली निम्मी प्रकरणं बिल मागितल्यावरच मिटली.

खारघरचा गाडीमालक
म्हणजे गिऱ्हाइकाने काळजी घेतली हे तो नुसतं तोंडाने सांगणार, आणि नाही घेतली हे मी सिद्ध करायचं? मी काय त्याच्या मागच्या सीटवर बसतो?

पाचपाखाडीची सून
मग गाडी देताना धुऊन, पुसून, उजेडात द्या. दहा मिनिटं लागतात. घेताना जमतं ना?

तुर्भ्याचा पेंटर
घोडबंदरकर, परत देताना काढलेले फोटो असतील तर जवळून टाका. दार आणि बंपर दोन्ही.

घोडबंदरकर
टाकले. दाराचे तीन, बंपरचे दोन. उन्हातले आहेत, मोठे करून बघा.

तुर्भ्याचा पेंटर
बघितले. खरं ते सांगतो, वाईट वाटून घेऊ नका.

दार: रेघेच्या पोटात पांढरं काही तरी वाळून बसलंय, मधोमध दाट, टोकाला विरळ. ती पॉलिश आहे. पॉलिश मारली की खोल रेघेत शिरते आणि पुसली तरी आत राहते, पाण्याने धुऊन जात नाही. म्हणजे रेघ आधीची, पॉलिश नंतरची. पाच दिवसांत गावी तुम्ही गाडीला पॉलिश मारली नसेल, तर ती रेघ तुमची नाही.

बंपर: कोपऱ्यावर प्लॅस्टिकचे उभे तुसे दिसतात, कडा अजून मऊ. जुनं असतं तर धुण्यापुसण्यात झिजून गुळगुळीत झालं असतं. आणि तुशांच्या बुडाशी तांबडी पूड आहे. ठाण्यात खांबाला घासली की राखाडी लागते, नाहीतर खांबाचा पिवळा-काळा रंग. तांबडी पूड चिऱ्याची, कोकणातल्या जांभ्या दगडाची. गावी गडग्याला, दगडी कुंपणाला लागलीय.

घोडबंदरकर
हे वाचून बराच वेळ गप्प बसलो.

काकांच्या घराकडे वळताना दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचा गडगा आहे. तिथे गाडी मागे घेत होतो, मांडवासाठी आणलेलं सामान उतरवायचं होतं. आई म्हणाली होती, "अरे, लागलं का बघ." मी उतरलो, टॉर्च मारला, काही दिसलं नाही, पाऊस होता. मी मनात धरलं की लागलं नाही.

बंपर माझा. मान्य. दार माझं नाही, ते मी सोडणार नाही.

खारघरचा गाडीमालक
बघा! हेच सांगत होतो. ओल्या गाडीवर दिसत नाही म्हणता, पण स्वतःच्या वेळी तेवढ्यावरच निश्चिंत झालात.

घोडबंदरकर
हो, झालो. तुम्ही म्हणताय ते खरं आहे. आणि त्याच कारणाने माजिवड्याच्या तळघरातली ती तपासणीही खोटी होती, हेही तुम्ही म्हणा.

खारघरचा गाडीमालक
पॉलिशवाली रेघ माझ्या गाडीवर असती तर पैसे मागितले नसते. एवढं म्हणतो. रात्रीची गाडी दुपारीच धुऊन फोटो काढून ठेवायची आणि ते फोटो गिऱ्हाइकाला पाठवायचे, हे मी या आठवड्यापासून करून बघतो. माणूस जादा लागेल, त्याचा पगार भाड्यात येईल, तेव्हा मग महाग म्हणून ओरडू नका.

घोडबंदरकर
नाही ओरडणार. आजच त्यांना मेल केला: बंपरच्या दुरुस्तीचं बिल पाठवा, तेवढे पैसे डिपॉझिटमधून घ्या, बाकीचे परत करा, दाराची मागणी मागे घ्या. पेंटरभाऊ, तुमचं म्हणणं फोटोंसकट जोडलंय, नाव घातलेलं नाही. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ठाण्यातल्या जिल्हा आयोगात जाईन.

तुर्भ्याचा पेंटर
बंपरचा कोपरा आहे, तुसे घासून काढून तेवढाच रंग मारता येतो. नवीन बंपरचं बिल लावलं तर मला दाखवा.

नेरूळची सेक्रेटरी
सगळं मिटलं असेल तर गाडीमालक साहेब, ती तिसरी गाडी कोणत्या सोसायटीत उभी असते ते सांगा.