मदत हवी आहे: डेस्कटॉपचं वायफाय केबलने लॅपटॉपला कसं द्यायचं?

शेवग्याची_शेंग: डेस्कटॉपला वायफाय येतंय, लॅपटॉपला नाही. मध्ये लॅनची केबल टाकली तर लॅपटॉपवर नुसतं 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क'. दोन्ही कनेक्शनं ब्रिज (एकत्र जोडून एकच नेटवर्क) केली तर डेस्कटॉपचंही नेट गेलं! संध्याकाळपर्यंत फाइल पाठवायचीय. डोंगल घ्या, राउटर घ्या सांगू नका प्लीज.

नानबा: यूएसबी डोंगल घ्या, विषय संपला.

शेवग्याची_शेंग: वर काय लिहिलंय मी?

चहाबाज: विंडोज कुठलं? लॅपटॉपचं वायफाय कार्ड गेलंय की रेंज नाही?

शेवग्याची_शेंग: कार्ड गेलंय. दोन्हीकडे विंडोज 10, अजून काय असणार.

दगडोबा: साध्या केबलने होणारच नाही. दोन मशीन थेट जोडायला क्रॉस केबल लागते. आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून क्रिम्पिंग टूल आणून घरी बनवायचो. एका टोकाला हिरवी आणि नारिंगी जोडी अदलाबदल करायची, की झालं.

चहाबाज: काका, ते जुन्या 100 एमबीपीएस कार्डांचं. गिगाबिट पोर्ट तारा आपले आपण ओळखून घेतो.

दगडोबा: पोर्ट गिगाबिट आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?

चहाबाज: बरं, पोर्टचा दिवा लागतोय का बघा. लागत असेल तर केबलचा विषय सोडा. आणि ब्रिजच्या नादी लागू नका. वायफायवर तो बहुतेक वेळा चालत नाही, कारण राउटर फक्त जोडलेल्या डेस्कटॉपचाच मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) मानतो, मागून आलेला लॅपटॉपचा नाही. त्याऐवजी डेस्कटॉपवर रनमध्ये एनसीपीए डॉट सीपीएल टाका, वायफायवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग टॅब, पहिल्या चौकोनात टिक, खाली इथरनेट (म्हणजे केबलचं कनेक्शन) निवडा. इथरनेटवर शेअरिंग लावू नका, तिथेच लोक घोळ घालतात. डेस्कटॉपच्या इथरनेटला 192.168.137.1 हा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) आला पाहिजे.

गोगलगाय: लिनक्स टाका. वायर्ड कनेक्शनच्या आयपीव्ही4 मध्ये 'शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स' निवडायचं. एवढंच.

नानबा: संध्याकाळपर्यंत लिनक्स? फाइलच पाठवायचीय ना, पेनड्राइव्हने डेस्कटॉपवर घ्या आणि पाठवा.

शेवग्याची_शेंग: ऑफिसचा लॅपटॉप आहे, पेनड्राइव्ह बंद आहे त्यावर. फाइल व्हीपीएनवरूनच (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा सुरक्षित मार्ग) जाते.

चहाबाज: हे आत्ता सांगताय! लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग मारा, काय दिसतं?

शेवग्याची_शेंग: डेस्कटॉपला 137.1 आला. लॅपटॉपला 10.20 ने सुरू होणारा काहीतरी. दिवा लागतोय.

चहाबाज: सापडलं. 169.254 असता तर म्हटलं असतं की आयपी मिळतच नाहीये. हा तर ऑफिसने हाताने घातलेला दिसतोय. आयपीव्ही4 च्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन आयपी आणि डीएनएस दोन्ही 'ऑटोमॅटिकली' करा. ॲडमिन पासवर्ड मागेल, आयटीवाल्यांना फोन लावा.

सायली_पु: फोन वायफायला जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने लॅपटॉपला देणं) केलं तरी चालतं बहुतेक अँड्रॉइडवर. मोबाइल डेटाही लागत नाही.

शेवग्याची_शेंग: आयटीवाल्याला लांबूनच लॅपटॉपला जोडता येईना, नेटच नव्हतं ना त्याला. फोनवर पासवर्ड दिला. नेट आलं, फाइल गेली. पण डेस्कटॉप रीस्टार्ट केला आणि लॅपटॉपचं परत बंद!

चहाबाज: विंडोज 10 ची जुनी खोड आहे ती. शेअरिंगची टिक काढून परत लावली की चालू होतं. कायमचं हवं तर डेस्कटॉपच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची यादी) एचकेएलएम > सॉफ्टवेअर > मायक्रोसॉफ्ट > विंडोज > करंटव्हर्जन > शेअर्डॲक्सेस इथे 'एनेबलरीबूटपर्सिस्टकनेक्शन' नावाची ड्वर्ड (आकड्याची नोंद) बनवा, किंमत 1. शिवाय सर्व्हिसेसमध्ये इंटरनेट कनेक्शन शेअरिंग 'ऑटोमॅटिक' करा.

दगडोबा: क्रॉस केबलला रजिस्ट्री लागत नसे.

मोगरा७: धागा वर दिसला म्हणून विचारते, याने प्रिंटर पण शेअर होईल का? माझा फक्त निळं छापतोय.