शब्दचर्चा : चोक देणे आणि चोक होणे

प्रश्न : छोटं पेट्रोल इंजिन सुरू होतं आणि लगेच बंद पडतं. मेकॅनिक म्हणाले, ‘कार्बोरेटर चोक झालाय.’ माहितीपुस्तिका सांगते, ‘चोक द्या.’ मग चोक हा बिघाड की उपाय?

उत्तर : दोन्ही, आणि दोन्हींचा परिणाम नेमका उलटा. कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, आणि चोक म्हणजे त्याच्या तोंडाची झडप. ती मिटली की हवा अडते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि थंड इंजिन पेट घेतं. म्हणून चोक ‘देतात’ किंवा ‘ओढतात’. जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, चोक ‘होतो’ तेव्हा तो तुंबलेला असतो, तिथे पेट्रोल अडतं. एक भाग पेट्रोल पुरतं जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण फार बिघडलं की इंजिन दम सोडतं.

हा फरक कळला की निदानही होतं. इंजिन तापल्यावरही चोक दिला तरच चालत असेल आणि काढताच बंद पडत असेल, तर बहुधा जेट चोक आहे. नाहीतर गास्केटमधून, म्हणजे सांध्यातल्या पट्टीतून, कुठेतरी हवा घेतंय.

दुसरं उत्तर : आमच्याकडे सरळ ‘कचरा आलाय’ म्हणतात. पण दर वेळी तो कचरा नसतो. महिनोन्महिने पडून राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे पिवळट, चिकट थर उरतो. पायलट जेटचं, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल देणाऱ्या जेटचं, भोक सगळ्यात बारीक, म्हणून आधी तेच बुजतं. कृपा करून त्यात तार खुपसू नका. जेट पितळेचा, मऊ असतो. भोक मोठं झालं तर इंजिन कायमचं जास्त पेट्रोल खाईल. क्लीनरचा फवारा आणि हवेचा झोत पुरतो.

प्रश्नकर्ता : आणि ‘ओव्हर झालंय’?

उत्तर : सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त गेलंय, ठिणगी देणारा प्लग ओला झालाय. चोक फार वेळ ठेवला की असं होतं. कार्बोरेटरच्या वाटीतून पेट्रोल बाहेर वाहत असेल तर तो ‘ओव्हरफ्लो’, म्हणजे फ्लोटची (वाटीतल्या तरंगत्या भागाची) पेट्रोल अडवणारी सुई नीट बसत नाही. तेव्हा आधी पेट्रोलचा कॉक (तोटी) बंद करा, आग लागायचा धोका असतो.

तिसरं उत्तर : कार्बोरेटर उघडण्याआधी टाकीचं झाकण सैल करून बघा. इंजिन बराच वेळ चालून मग बंद पडत असेल आणि झाकण सैल केल्यावर पुन्हा चालत असेल, तर चोक झालंय ते झाकणातलं हवेचं भोक.