लाईट जाऊन आली की लॅपटॉपला घरचं वायफाय दिसतच नाही

कासारवडवली_२२वा:
घोडबंदर रोडला टॉवरमध्ये टू बीएचके, बाविसावा मजला. फायबरवाल्याने दिलेला दोन्ही बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) राउटर मेन दरवाज्याशेजारी, चपलांच्या कपाटावर. दोन्ही बँडना नाव एकच. लॅपटॉप पाच वर्षं जुना, भावाने अमेरिकेहून आणलेला, विंडोज ११, इंटेलचं कार्ड.

त्रास दोन. लाईट गेली की जनरेटर लागेपर्यंत दहा-पंधरा सेकंद राउटर बंद पडतो. परत चालू झाल्यावर कधी कधी मागच्या बेडरूममध्ये लॅपटॉपच्या यादीत शेजाऱ्यापाजाऱ्यांची वीस नावं येतात, आमचंच नाही. तिथेच फोन मजेत चालू असतो. लॅपटॉप हॉलमध्ये नेला की नाव दिसतं. राउटर दोन-तीनदा बंद-चालू केला की बेडरूममध्येही येतं. दुसरं म्हणजे बेडरूममध्ये जोडलं गेलं तरी टिकत नाही, विशेषतः हार्ड डिस्कवर बॅकअप घेताना. ड्रायव्हर नवा टाकला, नेटवर्क रिसेट केलं. आता कार्ड बदलू का?

ऐरोली_से८:
कार्डाला हात लावायची घाई नको. फोनचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर लावा आणि लॅपटॉप अर्धा तास त्यावर चालवा. टिकला तर कार्ड आणि अँटेना धडधाकट आहेत. फोन शेजारी ठेवूनही रेंज अर्धीच दाखवत असेल तर अँटेनाच्या वायरीवर संशय घ्या. त्या स्क्रीनच्या कडेने बिजागरीतून खाली येतात आणि बिजागरी दुरुस्त करताना हमखास निसटतात.

मग कमांड प्रॉम्प्टमध्ये राउटरला सतत पिंग लावा (म्हणजे हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजा), पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ असेल. दोन ते दहा मिलिसेकंदांवरून आकडा तीनशे-चारशेवर उड्या मारत असेल तर दोष घरातच आहे, कंपनीला फोन करून उपयोग नाही. राउटरचा पिंग सरळ असून साइट उघडत नसतील तर लाइन किंवा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बघायचं. लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, तो वेगळा आजार.

खारघर_हिल:
फोनला दिसतं, लॅपटॉपला नाही, आणि लॅपटॉप अमेरिकेचा. बहुतेक यातच उत्तर आहे.

२.४ मध्ये आपल्याकडे १ ते १३ चॅनल (पट्ट्याचे क्रमांक दिलेले भाग) चालतात, अमेरिकेत व्यवहारात ११ पर्यंतच. तिथल्या नियमावर बांधलेलं कार्ड १२-१३ वर बोलणाऱ्या राउटरकडे ढुंकूनही बघत नाही. राउटर ‘ऑटो’वर असला की चालू होताना कुठे गर्दी कमी आहे ते हुंगतो. बाविसाव्या मजल्यावर १, ६, ११ तिन्ही ठिकाणी जत्रा, मग तो १३ वर जाऊन बसतो. पुन्हा चालू केला की नव्याने चिठ्ठी उडते, म्हणून तुमचा ‘दोन-तीनदा’चा उपाय चालतो. हॉलमध्ये नाव दिसतं कारण तिथे ५ गिगाहर्ट्झ पोहोचतं.

फोनवर वायफाय अ‍ॅनालायझरचं एखादं अ‍ॅप टाका आणि नाव गायब असेल तेव्हाच चॅनल बघा. १२ किंवा १३ निघाला तर राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन (लॉगिन राउटरच्या बुडाशी लेबलवर असतं) २.४ चा ऑटो काढा, १, ६, ११ पैकी एक ठेवा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ४० ठेवली तर निम्म्याहून जास्त पट्टा अडतो आणि टॉवरमध्ये वेग काही वाढत नाही. हुशारी करून ३ किंवा ४ निवडू नका. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात, अधल्यामधल्या चॅनलवर मात्र १ आणि ६ दोघांचाही नुसता कलकलाट कानावर येतो.

५ गिगाहर्ट्झला ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला चॅनल द्या. ५२ ते १४४ रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. तिथे राउटर चालू झाल्यावर किमान एक मिनिट गप्प बसून ऐकतो, रडारसारखं काही वाटलं तर चालू काम सोडून पळतो. आणि दोन्ही बँडना वेगळी नावं द्या, म्हणजे लॅपटॉप कशावर आहे ते कळेल.

तलावपाळी:
वरचं पटलं, पण ‘बॅकअप घेताना’ हा शब्द सगळ्यांनी सोडून दिला! डिस्क यूएसबी ३ ची असणार. तिच्या वायरीतून आणि सॉकेटमधून जो गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ च्या पट्ट्यात येतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं. डिस्क लॅपटॉपला चिकटून, अँटेना वीतभर अंतरावर, मग दुसरं काय होणार?

डिस्क काढा आणि पिंग बघा. सुधारला तर मीटरभर एक्स्टेन्शन लावून डिस्क लांब ठेवा. एक्स्टेन्शन यूएसबी २ चं घेतलं तर डिस्क रडतखडत चालेल, पण गोंगाट मुळातच थांबेल.

रिपीटर घ्यायचा मोह होईल, घेऊ नका. एकाच बँडवर ऐकून त्याच बँडवर पुढे सांगणारा रिपीटर वेग निम्मा करतो. त्यापेक्षा कॅट ६ ची पंधरा मीटर केबल दरवाज्यावरून बेडरूमपर्यंत ओढा आणि जुना राउटर असेल तर तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलवरून आलेलं नेट तिथे वायफायने देणारा) म्हणून लावा: आधी त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, मग डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद, आणि केबल वॅनमध्ये (बाहेरच्या लाइनचं सॉकेट) नाही, लॅनमध्ये (घरातल्या उपकरणांचं). डीएचसीपी चालू राहिलं की दोन राउटर पत्ते वाटायला लागतात आणि अख्ख्या घराचा खेळखंडोबा होतो.

कासारवडवली_२२वा:
काल रात्री लाईट गेली तेव्हा अ‍ॅपवर बघितलं, चॅनल १३! आता ६ आणि २० केलंय. आज राउटर चारदा बंद-चालू केला, बेडरूममध्ये चारही वेळा नाव आलं. डिस्क एक्स्टेन्शनवर टाकल्यावर बॅकअप चालू असतानाही पिंग ४ ते ९. राहिलं एकच: झाकण मिटून उघडलं की जोडायला मिनिटभर लागतं.

ऐरोली_से८:
डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’चा टॅब असेल तर वीज वाचवायला कार्ड बंद करण्याची परवानगी काढून घ्या. काही नव्या लॅपटॉपवर तो टॅब नसतो. राउटरची सुरक्षा (वायफायच्या पासवर्डची पद्धत) डब्ल्यूपीए २ आणि ३ अशी मिसळलेली असेल तर दोन दिवस नुसती २ ठेवून बघा.

पुढेमागे कार्ड बदलायचंच झालं तर लॅमिंग्टन रोडला नुसतं ‘इंटेलचं नवं’ म्हणून मागू नका. एएक्स २१० हे कार्ड साध्या एम.२ स्लॉटमध्ये (लॅपटॉपमधली कार्डाची खाच) चालतं. एएक्स २११ तसंच दिसतं, बसतंही, पण त्याला जुळणारा इंटेलचाच नवा प्रोसेसर लागतो. तुमच्या लॅपटॉपमध्ये ते मुकं बसेल.

खारघर_हिल:
आणि राउटरला छोटा यूपीएस लावा, जनरेटर लागेपर्यंतचे ते पंधरा सेकंद निघून जातील. घेताना अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की ९ ते वाचा, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, आणि पिन घट्ट बसते का ते दुकानातच बघा.