मदत हवी आहे: गच्ची गळते, अपार्टमेंटची असोसिएशन ढिम्म

नागपूरच्या त्रिमूर्तीनगर भागात आमचा सगळ्यात वरचा फ्लॅट आहे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलंय. पंख्याजवळचं प्लास्टर पडून गंजलेली सळई दिसतेय. अध्यक्ष म्हणतात, "तुमच्याच कूलरचं पाणी मुरतं." अहो, कूलर जूनमध्येच उतरवला, गळती भर पावसाळ्यातली!

लेखी अर्ज देऊन पोच घेतली. आमसभेत विषय निघाला, तो 'बघू'वर संपला. ठेकेदाराचं कोटेशनही आणून दिलं. मेंटेनन्स नियमित भरतो आणि तो थांबवायचा नाही (थकबाकीदार ठरवायला त्यांना तेवढंच हवंय). स्वखर्चाने करून घ्या, असं कृपया सुचवू नका. गच्ची सामायिक आहे.

खरी अडचण पुढेच आहे. आमची सहकारी गृहनिर्माण संस्था नाही. १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली घोषणापत्र (इमारत या कायद्याखाली आणणारा दस्तऐवज) नोंदवलेलं आहे. त्यामुळे सोसायट्यांचे आदर्श उपविधी (नमुना नियमावली) आम्हाला लागू नाहीत, असं सांगून कमिटी हात वर करते.

काम पावसाआधी, उन्हाळ्यातच व्हायला हवं. नागपुरात अशा अपार्टमेंटमधल्या कोणी दाद मागितली असेल, तर कुठे: सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे, की थेट दिवाणी न्यायालयात? आणि घोषणापत्राच्या प्रतीशिवाय कोणते कागद लागले?