टेस्लाच्या चार्जरवर आयॉनिक चालेल का? (लेबर डे, एलए)

प्रेषक: मिलपिटास

नमस्कार मंडळी,

लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सुट्टीत आम्ही एलएला, म्हणजे लॉस एंजेलिसला, जातोय. आई-बाबा पुण्याहून आलेत, त्यांना आत्याकडे न्यायचंय. गाडी ह्युंदाई आयॉनिक ५, २०२४ची, टू-व्हील ड्राइव्ह. चार्जिंगचा पोर्ट जुना, म्हणजे सीसीएस (अमेरिकेत टेस्लाशिवायच्या गाड्यांचा जलद चार्जिंगचा प्लग). टेस्लाची केबल या पोर्टला जोडणारा, ह्युंदाईकडून फुकट आलेला अडॅप्टर खोक्यातून अजून बाहेरही काढलेला नाही. आजवर घरच्या आणि ऑफिसच्या चार्जरवर भागलं, हायवेवर चार्ज करायची वेळ कधी आलीच नाही.

तर टेस्लाच्या कुठल्याही सुपरचार्जरवर (त्यांच्या जलद चार्जरवर) जाऊन हा अडॅप्टर लावला की झालं का? नवरा म्हणतो, प्लग बसला की वीज येणारच. बाबा म्हणतात, एवढं सोपं असतं तर तुम्ही सगळे त्यावर तासभर बोलत बसला नसता. कोणाचं ऐकू?


प्रेषक: फ्रीमाँट

अगं, बाबांचं ऐक. प्लग बसणं ही फक्त सुरुवात आहे.

पहिलं म्हणजे सगळे सुपरचार्जर आपल्याला खुले नाहीत. सुपरचार्जरांची तिसरी पिढी, व्ही३, २०१९ मध्ये आली. त्याआधीचे व्ही२ चार्जर परक्या, म्हणजे टेस्ला नसलेल्या, गाडीशी बोलूच शकत नाहीत. अडॅप्टर घट्ट बसेल आणि काहीही होणार नाही. वाटेत केटलमन सिटीला चाळीस चार्जरांचं, कॉफी-लाउंजवालं जे प्रसिद्ध ठिकाण आहे ते २०१७चं, म्हणजे व्ही२च्या काळातलं. त्यामुळे गूगल मॅप्सवर टेस्लाचं चिन्ह दिसलं म्हणून एक्झिट घेऊ नकोस. टेस्लाचं ॲप आजच डाउनलोड कर, कार्ड घाल, त्यात दुसऱ्या कंपनीची गाडी चार्ज करायचा पर्याय आहे तो निवड. तिथे जे ठिकाण दिसेल तेच आपलं. घरच्या वायफायवर हे पाच मिनिटांत होतं. आय-फाइव्ह हायवेवर उन्हात उभं राहून ओटीपीची वाट बघण्यात मजा नाही.

दुसरी गोष्ट लोक सांगत नाहीत, आणि तुझ्या गाडीला तीच जास्त लागू आहे. आयॉनिक ५ ही आठशे व्होल्टच्या घराण्यातली. ३५० किलोवॅटच्या चांगल्या सीसीएस चार्जरवर ती १० वरून ८० टक्क्यांवर १८ मिनिटांत जाते, हा ह्युंदाईचाच आकडा. टेस्लाचं व्ही३ कपाट (केबलच्या खांबांना वीज पुरवणारी पेटी) मात्र ५०० व्होल्टच्या वर जात नाही. मग तुझी गाडी काय करते, तर स्वतःची मागची मोटर आणि इन्व्हर्टर वापरून तो व्होल्टेज वर चढवते. करामत झकास आहे, पण त्यात वेग मरतो. २०२५ची आयॉनिक तर टेस्लाचा पोर्ट घेऊनच बाहेर पडते, तिलाही व्ही३वर तेवढ्याच चार्जिंगला अर्धा तास लागतो असं कंपनी म्हणते. खांबावर २५० किलोवॅट लिहिलेलं असलं तरी ते तुझ्यासाठी नाही.

आणि व्ही४चा, म्हणजे पुढच्या पिढीचा, नवा उंच खांब दिसला म्हणून हुरळून जाऊ नकोस. बऱ्याच ठिकाणी खांब नवा आणि मागचं कपाट जुनंच आहे. केबल लांब मिळते एवढा फायदा. हजार व्होल्टची कपाटं आत्ता कुठे लागायला लागली आहेत.

थोडक्यात, तुझ्या गाडीसाठी टेस्ला हा दुसरा पर्याय. पहिला ३५०चा सीसीएस.


प्रेषक: प्लेझंटन

काका, माफ करा, पण हे कागदावर ठीक आहे. सासू-सासरे आणि दोन मुलं मागे बसलेली असताना १८ मिनिटं की ३० मिनिटं हा प्रश्नच नसतो. प्रश्न असतो चार्जर चालू आहे का आणि रिकामा आहे का.

गेल्या थँक्सगिव्हिंगला आम्ही एका दुसऱ्या नेटवर्कच्या स्टेशनवर थांबलो, नाव कशाला घ्या. चार खांब. एकाचा स्क्रीन काळा, एक कार्ड घेईना, उरलेल्या दोनांपुढे पाच गाड्या. आणि ते एका बंद दुकानाच्या मागच्या पार्किंगमध्ये, रात्री साडेआठला. सासूबाईंनी शेवटी डिकीतले धपाटे काढून रांगेतल्या अनोळखी माणसाला दिले, इतका वेळ गेला.

तेव्हापासून आमची शेव्ही इक्विनॉक्स सरळ टेस्लाकडे जाते. ती चारशे व्होल्टवालीच आहे, त्यामुळे काकांचं ते व्होल्टेजचं प्रकरण आम्हाला लागू नाही. शेव्हीच्या कंपनीचा, म्हणजे जीएमचा, अडॅप्टर २२५ डॉलरला पडला, तेव्हा जिवावर आलं होतं. आता कोणी परत घेतो म्हटलं तरी देणार नाही. वीस-तीस खांब असतात, एक बंद असला तरी फरक पडत नाही, आणि बहुतेक ठिकाणी चालत जाण्याजोगं वॉशरूम असतं. म्हातारी माणसं बरोबर असताना किलोवॅटपेक्षा हेच बघावं.


प्रेषक: सॅन रमोन

आता मीही बोलतो, कारण दर सुट्टीला हेच होतं. आम्ही टेस्ला घेतली तेव्हा गाडीइतकाच नेटवर्कसाठी पैसा मोजला. आता आय-फाइव्हवरच्या हॅरिस रँचला रांगेत उभं राहायचं (त्या गुरांच्या वासात, तो वास कोणाला माहीत नाही?) आणि बघायचं की एक फोर्ड आडवी लावून दोन जागा अडवून बसली आहे. अडॅप्टर मिळाला, शिष्टाचार कोण देणार?


प्रेषक: फ्रीमाँट

सॅन रमोन, तुझा राग अर्धा खरा आहे.

नेटवर्क फुकट उघडलेलं नाही. टेस्लाने आपला प्लग नोव्हेंबर २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये व्हाइट हाउसने जाहीर केलं की २०२४ अखेर टेस्ला किमान साडेसात हजार चार्जर इतरांना खुले करणार. त्यामागे २०२१च्या पायाभूत सुविधांच्या कायद्यातला चार्जिंगचा सरकारी निधी होता, आणि तो घ्यायचा तर चार्जर एकाच कंपनीच्या गाड्यांपुरता ठेवून चालत नाही. मे २०२३ मध्ये फोर्ड आली, जूनमध्ये जीएम, मग रांगच लागली. प्रत्यक्षात फोर्डवाले २०२४च्या फेब्रुवारीअखेर चार्ज करू लागले, जीएमवाले त्याच सप्टेंबरात. शिवाय परकी गाडी तुझ्यापेक्षा जास्त दर देते. तुझ्या नेटवर्कचा खर्च आता आम्हीही उचलतोय.

आडव्या फोर्डबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण यात आडमुठेपणापेक्षा भूमिती जास्त आहे. टेस्लाचा पोर्ट मागे डावीकडे. गाडी रिव्हर्स घेतली की खांब नेमका त्या कोपऱ्याशी येतो, म्हणून व्ही३ची केबल बेतास बात ठेवलेली. पोर्ट मागे डावीकडे किंवा पुढे उजवीकडे असेल तरच ती सुखाने पोचते. निसान आरियाचा पुढे उजवीकडे आहे, ती नाक आत घालून लावली की आपल्याच खांबावर चार्ज होते. फोर्ड माक-ई, रिव्हियन, वहिनींची इक्विनॉक्स या सगळ्यांचा पुढे डावीकडे. त्यांना शेजारच्याचीच केबल ओढावी लागते.

मिलपिटास, तुझा पोर्ट मागे उजवीकडे आहे. रिव्हर्स लावलीस की तुझा स्वतःचा खांब डाव्या हाताला राहील आणि तो निरुपयोगी. उजवीकडच्या जागेचा खांब तुझ्या पोर्टाजवळ येईल, त्याची केबल घ्यायची. म्हणजे जागा एकाची अडली, वायर दुसऱ्याची. म्हणून ओळीच्या डाव्या टोकाला (गाडीत बसल्यावर जो डावा हात), शेवटच्या खांबाच्याही पलीकडे साधं पार्किंग असेल तर गाडी तिथे रिव्हर्स लाव. त्या शेवटच्या खांबाची केबल तुला मिळते आणि एकच जागा वाया जाते. दुसरी आयॉनिक किंवा किया ईव्ही६ आधीच लावलेली असेल तर तिच्या शेजारी लाव, सगळ्या एकेक घर सरकतात आणि नुकसान वाढत नाही.

ॲपमध्ये खांबाचा नंबर टाकताना केबल ज्या खांबाची, त्याचा नंबर टाकायचा. आपण उभे आहोत त्या जागेचा नाही. लोक इथेच चुकतात, मग "चार्जर बिघडलाय" म्हणून तिसरीकडे जाऊन उभे राहतात.


प्रेषक: आइंडहोवन (माजी सनीव्हेल)

या मेलिंग लिस्टवरून नाव काढलं नाही याचा आनंद आहे.

आमच्याकडे टेस्लाने परक्या गाड्यांना नोव्हेंबर २०२१ मध्येच दार उघडलं, सुरुवात नेदरलँड्सच्याच दहा ठिकाणांपासून. अडॅप्टर हा शब्दच कोणी उच्चारत नाही, कारण युरोपात टेस्लासकट जवळजवळ सगळ्या नव्या गाड्यांचा प्लग एकच, सीसीएस२ (सीसीएसचा युरोपी प्रकार). भारतातही तोच. जुलै २०२५ मध्ये टेस्ला मुंबईत बीकेसीला आली ती सीसीएस२ घेऊनच. बाबांना सांगा, त्यांच्या शेजाऱ्यांच्या टाटा नेक्सॉन ईव्हीला आणि टेस्लाला पुण्यात एकाच जातीचा प्लग लागतो. केबल मात्र आमच्याकडेही आखूडच, आणि आडव्या गाड्याही आहेत.


प्रेषक: मिलपिटास

सगळ्यांचे आभार. बाबांनी तुमच्या मेल्स मोठ्याने वाचून दाखवायला लावल्या. नवरा गप्प आहे.

आता नेमकं विचारते. आम्ही घरून १०० टक्के करून निघणार, १०१ हायवेने गिलरॉय, तिथून १५२ हायवे, मग आय-फाइव्ह. थांबायचं कुठे? केटलमनला की पुढे? टेस्लाचं महिन्याचं सभासदत्व असतं म्हणे, ते घेऊ का? आणि माझ्याकडे दोन अडॅप्टर निघाले! एक ह्युंदाईचा जड, काळा. दुसरा छोटा, मागच्या भाडेकरूचा गॅरेजमध्ये सापडला. दोन्ही टेस्लाच्या केबलला बसतात.


प्रेषक: फ्रीमाँट

छोटा घरीच ठेव. तो बहुधा एसी करंटचा, म्हणजे संथ चार्जिंगचा आहे, हॉटेलात किंवा कोणाच्या गॅरेजमध्ये टेस्लाचा भिंतीवरचा चार्जर असतो त्यासाठी. सुपरचार्जर म्हणजे डीसी करंट, शेकडो अँपिअर. तिथे फक्त ह्युंदाईचा जड. ॲमेझॉनवरचे स्वस्त अडॅप्टर आणि एक्स्टेन्शन केबल याबद्दल कोणी काहीही सांगो, आपण लांब राहायचं. आधी अडॅप्टर केबलला बसव, खटका ऐकू आला पाहिजे, मग गाडीला लाव. काढताना आधी ॲपमध्ये चार्जिंग थांबव. आणि निघताना अडॅप्टर हातात आहे ना ते बघ, तो केबललाच लटकत राहिला की पुढच्याचं भलं होतं.

कुठे थांबायचं. ईपीएची (अमेरिकी सरकारी चाचणीची) रेंज ३०३ मैल, पण ७५च्या वेगाने, गाडीतला एसी लावून, चार माणसं आणि सामान घेऊन मी २४०-२५०च धरीन. तुझ्या घरून केटलमन पावणेदोनशे मैलांच्या आसपास. तिथे ८० टक्के करून निघालीस तर पुढे एलए पावणेदोनशे, आणि मध्ये ग्रेपव्हाइनचा घाट. खोऱ्यातून थेट चार हजार फुटांच्या वर तेहोन पासला चढायचं, बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. पलीकडे उतारावर थोडी परत मिळते, पण तोवर बाबांचा रक्तदाब वाढलेला असेल.

म्हणून मी केटलमन सोडून तीसेक मैल पुढे लॉस्ट हिल्सला थांबेन. तिथे टेस्लाचं २०२५ मध्ये सुरू झालेलं मोठं ठिकाण आहे, १६४ खांब, सोलर पॅनेल्स आणि बॅटऱ्यांवर चालणारं. पोचशील तेव्हा १५-२० टक्के उरलेले असतील, तुझ्या गाडीला वेगाने चार्ज व्हायला हीच स्थिती चांगली. तिथून एलए एकशेचाळीस मैल, ८० टक्क्यांत घाट धरूनही आरामात. निघायच्या आदल्या रात्री ॲपमध्ये ते आपल्याला खुलं दिसतंय ना एवढं बघून घे. आई-बाबांना त्याआधी पाय मोकळे करायला हॅरिस रँचला दहा मिनिटं उतरवा, चार्जिंगचा विचार न करता. वास येईल, सॅन रमोनने सांगितलंच आहे.

प्लेझंटनच्या वहिनींशी माझं भांडण मिटलं असं समजू नका. पण लेबर डेला, आई-बाबा बरोबर असताना, पहिल्यांदाच जाताना, त्यांचंच ऐक. ३५०चा सीसीएस एखाद्या शांत मंगळवारी करून बघ.


प्रेषक: प्लेझंटन

काका, मी हे प्रिंट काढून फ्रिजवर लावणार आहे.

सभासदत्वाचं मी सांगते. २०२३ मध्ये सुरू झालं तेव्हा महिन्याला १२.९९ डॉलर होतं, आत्ताचा आकडा ॲपमध्ये दिसेल. ते घेतलं की टेस्लावाल्यांचा दर मिळतो. त्या ठिकाणी दोन्ही दर बघायचे. फरक युनिटला १५ सेंट निघाला आणि जाता-येता मिळून शंभरेक युनिट भरले, तर १५ डॉलर वाचले, म्हणजे वसूल. परत आल्यावर लगेच रद्द कर, नाहीतर जिमच्या मेंबरशिपसारखं कापत राहतं. पहाटे दर कमी असतात. तुम्ही पाचला निघालात तर गर्दीही चुकेल.

आणि चार्जिंग संपलं की गाडी हलवायची. पाच मिनिटांची सवलत असते, त्यानंतर स्टेशन पूर्ण भरलेलं असेल तर मिनिटाला डॉलर लागतो. सासरेबुवा वॉशरूमला गेलेत हे कारण ॲपला सांगता येत नाही.


प्रेषक: सॅन रमोन

मीही शनिवारी पहाटेच निघतोय, लॉस्ट हिल्सलाच थांबणार. पांढरी मॉडेल वाय, मागे मंडळाचा स्टिकर. मिलपिटास, डाव्या टोकाची जागा तुझ्यासाठी धरून ठेवता येणार नाही, पण दिसलात तर चहा माझ्याकडे आहे.


प्रेषक: लिस्ट व्यवस्थापक

मंडळी, चर्चा उत्तम. गणपतीच्या स्वयंसेवकांच्या यादीत अजून नऊच नावं आहेत, तिकडेही एवढाच करंट येऊ दे. मिलपिटास, परत आलात की लॉस्ट हिल्सला रांग किती होती तेवढं याच धाग्यात टाका, दिवाळीला जाणारे विचारणारच आहेत.